मू कायरन पाण्यात पडला त्याची गोष्ट

मू कायरन पाण्यात पडला. हे वाक्य मी आजवर निदान दोनशे लोकांना ऐकवलं असेल, आणि अजूनही बोलताना माझाच विश्वास बसत नाही. नदी उलटी वाहायला लागली असं मी सांगितलं असतं, तर आमच्या घाटावरच्या लोकांनी निदान मान वळवून पाहिलं असतं. मू पडला म्हटल्यावर कोणी मानही वळवली नसती. म्हाताऱ्या थंगला आज दुपारीच चढली, एवढंच म्हणाले असते. (म्हातारा थंग म्हणजे मी.) पण त्या दिवशी सांगायची वेळच आली नाही. सगळ्या घाटाने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ढोल वाजवणाऱ्याचा हात जो वर राहिला तो खाली यायलाच विसरला.

आधी मू कोण ते सांगतो. मी आणि तो गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. चौथीनंतर शाळाच संपली, म्हणून दोघांचं शिक्षण सारखंच. त्याचं घर नदीच्या पलीकडे, तांबड्या कड्याखाली, वेळूच्या बनात. तिकडे रस्ता नाही. त्याचा रस्ता म्हणजे छीश्वे नदी, आणि गाडी म्हणजे एक वेळू. मांडीएवढा जाड, तीन माणसांच्या लांबीचा एकच वेळू पाण्यावर सोडायचा, त्यावर उभं राहायचं, हातात लांब बारीक काठी आडवी धरायची, आणि ती एकदा डाव्या, एकदा उजव्या हाताला पाण्यात घालत पलीकडे यायचं. आमच्याकडे बरेच जण हे करतात. पडतात, उठतात, पुन्हा करतात. मू मात्र पाठीला टोपली बांधून, टोपलीत सोयाच्या दह्याचा वाफाळता टोप ठेवून, रोज सकाळी यायचा. चाळीस वर्षं. आमचा घाट त्याच्या दह्यावर आणि मिरचीच्या ठेच्यावर वाढला. ते दही इतकं लुसलुशीत की चमचा लावला तर थरथरतं. ते नदीवरून यायचं आणि त्याच्यावर साधी भेगही नसायची.

एकदा जिल्ह्याच्या खेळाडूंना शिकवणारी एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण माझ्या वयाला मुलगीच. तिने मूच्या छातीला एक पट्टा बांधला आणि हातातल्या घड्याळात त्याच्या काळजाचे ठोके बघत बसली. काठावर उभा होता तेव्हा बहात्तर. नदीच्या मध्यावर गेला, जिथे पाणी कड्याला आपटून माघारी येतं आणि भल्याभल्यांचे गुडघे लटपटतात, तिथे अठ्ठावन्न. तिने घड्याळ झटकलं, मनगटावर आपटलं, आणि यंत्र बिघडलं असं ठरवून तोच पट्टा माझ्या छातीला बांधला. मी दगडावर नुसता बसलो होतो. एकशे चार. "काका, तुम्ही डॉक्टरला दाखवा," म्हणाली. मग तिने मूला विचारलं, की वेळूवर असताना मनात काय असतं. तो म्हणाला, टोप गरम असतो, तो पाठीला कुठे लागतोय ते कळतं. आणखी? पाणी कुठून ढकलतंय ते कळतं. आणि पायांचं काय, असं तिने विचारल्यावर त्यानेच उलट विचारलं, "पायांचं काय?"

बिचारीने वहीत काय लिहिलं असेल देव जाणे.

तर पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी आमच्याकडे नदीचा सण असतो. त्या वर्षी टीव्हीवाले येणार होते. गावाने मला तयारीचा प्रमुख केलं, कारण बोलायला मी पुढे असतो. मी सगळीकडे फिरून पाहिलं. नावा रंगवलेल्या, घाट धुतलेला, दारोदारी वेखंडाची पानं टांगलेली. आणि या सगळ्यात मूचा वेळू. काळा, खरखरीत, बुडाशी शेवाळ धरलेला. मला लाज वाटली. एवढा गावाचा मानाचा माणूस, आणि तो टीव्हीवर या भिकार लाकडावर उभा राहणार? आमच्याकडे ज्याचा मान राखायचा त्याला तुंगाच्या बियांचं तेल लावतात, वाळलं की काचेसारखं चकचकतं. नावेला लावतात, छत्रीला लावतात, घरातल्या म्हाताऱ्याच्या शवपेटीला तो जिवंत असताना दरवर्षी एक हात देतात. माझ्या पेटीसाठी आणलेला डबा अर्धा शिल्लक होता. तयारीसाठी मू दोन दिवस आधीच आमच्या काठावर मुक्कामाला आला होता, तेवढ्यात मी त्याच्या वेळूला तीन हात दिले. शेवाळ खरवडलं, राखेने घासलं, तेल, पुन्हा तेल, पुन्हा तेल. त्यात तोंड दिसायला लागलं.

आमच्या हिने पाहिलं आणि विचारलं, की यावर कोणी उभं राहणार आहे की यात कोणाला झोपवणार आहात. मी तिला गप्प केलं. मी जन्मात कधी वेळूवर उभा राहिलो नव्हतो. लहानपणी एकदा प्रयत्न केला, तेव्हा वेळूच बुडाला. त्यामुळे मला एक साधी गोष्ट कधी सुचलीच नाही, की तो खरखरीतपणा आणि ते शेवाळ घाण नव्हती.

सणाच्या दिवशी मी त्या वेळूला लाल फडकं बांधून काठावर उभा होतो. मू आला. वेळूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबला. मग चढला. दहा-बारा हात गेला असेल. पाणी अगदी संथ होतं, तळ्यासारखं. आणि तिथे तो पडला.

पडला म्हणजे कसा, तर भाताचं पोतं गाडीवरून घसरावं तसा. मी चाळीस वर्षांत त्याला पाण्याखाली पाहिला नव्हता. त्याचे केस ओले झाले की कसे दिसतात हेही आम्हाला माहीत नव्हतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तो पोहत काठावर आला, फडकं सोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "जाड्या, दही घरी राहिलंय. बरं झालं."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. हिने एकदाच विचारलं, सांगितलंत का त्याला? मी म्हटलं, त्यात काय सांगायचं, तेल काढून टाकतो की झालं. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी वेळू वाळूने आणि राखेने असा घासला की त्याचं सालच निघायला आलं. पुन्हा खरखरीत झाला. मी स्वतः अनवाणी पाय लावून पाहिला. मग झाडाआड उभा राहिलो, आणि मनात म्हटलं, आता बघा.

मू चढला. तिसऱ्या हातालाच पडला.

मी झाडाला धरून उभा होतो ते बरं होतं. तेल नव्हतं, वारा नव्हता, पाणी संथ. पुन्हा चढला, पुन्हा पडला. चौथ्या खेपेला वेळूवर पाय ठेवताच पडला. तेल पुसता आलं होतं. पण पुसूनही जे उरलं होतं, ते कुठे लागलं होतं ते मला दिसत नव्हतं.

त्यानंतर गावाने मूला बरं करायचं मनावर घेतलं. कोणी नवा वेळू कापून आणला, कोणी आल्याच्या काढ्यात पाय बुडवायला लावले. देवळातल्या पुजाऱ्याने त्याच्या उंबऱ्याची दिशा बदलायला सांगितली. ती जिल्ह्याची मुलगी पुन्हा आली आणि त्याच्या तळव्यांचे फोटो काढून घेऊन गेली. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रत्येक जण त्याला सांगायचा की मूभाऊ, पायांकडे लक्ष ठेवा. तो बिचारा ठेवायचा. आणि पडायचा. मी सगळ्यांत जास्त बडबड करणारा माणूस, पण त्या चार महिन्यांत मूशी बोलताना माझ्या तोंडून शब्द मोजून निघायचे.

आणि घाटावरचं दही बंद झालं. नावेचं रोजचं भाडं दह्यातून निघत नव्हतं, म्हणून तो पुलावरून येऊ लागला. पूल साडेतीन कोस खाली, आणि त्यात कड्यावरची पायवाट. पहाटे निघालेला माणूस दुपारी पोचायचा, आणि दह्याचं पार पाणी झालेलं असायचं. लोक मुकाट्याने खायचे. एकदा तो कड्यावर घसरला आणि गुडघा सुजवून बसला. ते कोणीतरी त्याच्या मुलाला फोन करून कळवलं. कोणी ते विचारू नका, आमच्या हिलाच विचारा.

चाओपिंग म्हणजे मूचा मुलगा, क्वेयांग शहरात पुलांचे नकाशे काढतो. चांगला मुलगा आहे. आई गेल्यापासून तो बापाच्या मागे लागला होता, पण आतापर्यंत मूकडे एकच उत्तर असायचं: मी रोज नदी ओलांडतो, मला काय धाड भरलीय. आता ते उत्तर राहिलं नाही. चाओपिंगने सांगितलं, "बाबा, तिकडे रस्ता नाही, दवाखाना नाही, आणि तुम्हाला आता नदी येत नाही. नवव्या महिन्याच्या चौदा तारखेला मी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवा." घर तेविसाव्या मजल्यावर होतं. मूने मला विचारलं, तिथे पाणी कसं येतं? मी म्हटलं, नळातून. तो म्हणाला, "मग त्याचं दही नाही होणार." त्याच्या घरामागे झरा आहे, त्या पाण्याशिवाय त्याने जन्मात सोया भिजवली नव्हती.

म्हणजे चौदा तारखेच्या आत मू वेळूवर उभा राहिला नाही, तर ते घर, तो झरा, ते जातं, सगळं सुटणार. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ते कोणामुळे, हे फक्त मला आणि हिला माहीत होतं. असं मला वाटत होतं.

दहा दिवस उरले तेव्हा मला राहवेना. ज्वारीच्या दारूची बाटली घेतली, नाव करून पलीकडे गेलो. मू अंगणात सोया निवडत बसला होता. मी समोर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. तेल, तीन हात, शवपेटीचा डबा, वाळूने घासणं. ऐकताना त्याचे हात थांबले नाहीत. खडा निघाला तर बाजूला टाकत होता.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तेल. वीस पावलांवरून वास येत होता."

चार महिने मी ज्या गोष्टीचं ओझं घेऊन जगत होतो, ती त्याला पहिल्या दिवसापासूनच माहीत होती. मी विचारलं, मग मुडद्या, चढलास कशाला?

"तू फडकं बांधून उभा होतास. तोंडभर हसत होतास. म्हटलं, एवढ्या हौसेने केलंय, जाऊ दे. घसरेल, पण जमवून नेऊ."

"मग?"

"मग जमवायला गेलो." त्याने चपलेतून पाय काढला आणि माझ्यापुढे धरला. पाचही बोटं आत वळलेली होती, झोपलेल्या कोंबडीने दांडी धरावी तशी. "चाळीस वर्षं मी पाय नुसता ठेवत होतो, जाड्या. त्या दिवशी पहिल्यांदा धरून पाहिलं. तेव्हापासून ही बोटं सोडतच नाहीत. झोपेतसुद्धा धरलेली असतात. मी सोड म्हणतो, ती आणखी धरतात."

मी गप्प बसलो की काहीतरी भलतंच तोंडातून निघतं, तसं निघालं. मी म्हटलं, मला शिकव.

मू इतका हसला की पुढ्यातलं सूप कलंडलं. म्हणाला, तुला उचलायला एक वेळू नाही, अख्खं बन लागेल. पण चार महिन्यांत पहिल्यांदा हसला होता, म्हणून मी हट्टच धरला.

पंचक्रोशीतला सगळ्यांत जाड वेळू माझ्यासाठी कापला. चार दिवस त्याच्या काठाच्या उथळ पाण्यात मी त्यावर चढायचो आणि पडायचो. मू कमरेइतक्या पाण्यात शेजारी उभा राहून माझ्या काठीचं टोक धरायचा आणि शिव्या द्यायचा. शिकवताना तो माणूस राहत नाही, मास्तर होतो. माझे गुडघे, माझं पोट, माझी मान, काही म्हणून त्याच्या तावडीतून सुटलं नाही. पलीकडच्या घाटावर बायका कपडे धुताना आमची मजा बघायच्या, आणि आमची ही त्यांना माझ्या पडण्याचे आकडे मोठ्याने सांगायची.

पाचव्या दिवशी दुपारी मी चक्क उभा राहिलो. कसा, ते मला विचारू नका. उभा राहिलो, हरखलो, आणि हरखून काठीने एक जोराचा रेटा दिला. मूच्या हातातून टोक सुटलं. माझा वेळू उथळातून निघाला आणि प्रवाहाला लागला, आणि मी नवरदेवासारखा ताठ उभा, नदीच्या मध्याकडे निघालो. मला पोहता येतं, बुडण्याची भीती नव्हती. तरी मी घाबरलो, कारण मला थांबता येत नव्हतं.

मागून मूचा आवाज आला, "गुडघे ढिले सोड, बैला." पुन्हा आवाज आला, जरा जवळून. "काठी कडेला नको, आडवी धर. समोर बघ. समोर." मी समोर बघत होतो. "तू धरून ठेवतोयस. कशाला धरतोयस? पाण्यावर धरायला काय आहे? ते आपणहून येतंय ना खालून, येऊ दे." आवाज आता अगदी डाव्या खांद्याशी. मी म्हटलं, पोहतोस की काय? आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिलं.

मू त्याच्या वेळूवर उभा होता.

माझ्याकडे बघत होता. माझ्या गुडघ्यांकडे. त्याची काठी एकदा इकडे, एकदा तिकडे, जणू दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे अशी चालत होती. मी निघालो हे बघून तो काठावरचा वेळू ओढून त्यावर चढला होता, माझ्यामागे आला होता, आणि हे आपण करतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. आम्ही नदीच्या मध्यावर होतो, जिथे पाणी कड्याला आपटून माघारी येतं.

माझ्या तोंडात ओरडणं आलं होतं. घशापर्यंत आलं होतं. मी जन्मभर कुठलीही बातमी एका श्वासात सांगून टाकली आहे, बाळंतपणाची, मरणाची, भांडणाची. आणि जन्मातली सगळ्यांत मोठी बातमी माझ्या डाव्या बाजूला दोन हात अंतरावर उभी होती, आणि ती ज्याची होती त्यालाच सांगायची नव्हती. सांगितली असती तर तिथेच पडला असता. मी दात आवळले. तो शिव्या देत होता आणि मी "हो, हो, बरं" म्हणत होतो. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायकांचे हात थांबलेले दिसत होते. आमची ही उभी राहिली होती आणि तिने शेजारणीच्या तोंडावर हात ठेवला होता. त्या दिवसापासून मी तिला उलट बोललो नाही. म्हणजे आठ दिवस.

शेवटी मी पडलो. अर्थात पडलो. वर आलो तेव्हा मू वाकून मला म्हणत होता, की सांगून सांगून घसा सुकला तरी तुझं पोटच आधी जातं. बोलता बोलता वाकलेली त्याची नजर माझ्यावरून सरकली आणि त्याच्या स्वतःच्या पायांवर गेली.

मी डोळे मिटून घेतले. पाण्याचा आवाज यायची वाट पाहिली. आला नाही. बराच वेळ आला नाही. डोळे उघडले तर मू तसाच उभा होता, आपल्या पायांकडे बघत. हरवलेली म्हैस आपणहून गोठ्यात आलेली दिसावी आणि तिला हाक मारावी की नको हे कळू नये, तसा. बोटं वेळूवर पसरलेली होती, सैल.

"जाड्या," तो हळूच म्हणाला, "तू बोलला नाहीस."

"नाही."

"केव्हापासून?"

"निघाल्यापासून."

यावर तो जेवढा चकित झाला तेवढा स्वतः उभा राहण्यावर झाला नव्हता. मग त्याने काठी फिरवली आणि घरी गेला. मी पोहत घाटावर आलो आणि पुढचे तीन दिवस बोलतच होतो.

त्यानंतर दही पुन्हा नदीवरून येऊ लागलं. चौदा तारखेला चाओपिंग आला. रिकाम्या खोक्यांनी भरलेली गाडी घेऊन आला, कारण बापाचं फोनवरचं बोलणं त्याने मनावर घेतलं नव्हतं. मी त्याला घाटाच्या पायरीवर उभा केला आणि म्हटलं, बघ आता. डोळ्यांनी बघ. तुझा बाप पुन्हा पहिल्यासारखा झालाय, नदीचं पाणी त्याच्या पायाच्या घोट्यावर चढायला घाबरतं. अजून बरंच काही म्हटलं.

मू पलीकडून निघाला. पाठीला टोपली, टोपलीत टोप. मध्यावर आला. आणि पडला.

मला आधी वाटलं की आपल्या डोळ्यांना काहीतरी झालं. टोपली पाण्यावर, टोप कलंडलेला, नदीवर पांढऱ्या दह्याच्या गुठळ्या निघालेल्या, आणि वेळू रिकामा. चाओपिंग ओरडत बुटांसकट पाण्यात धावला, कमरेपर्यंत गेला.

आणि मग आम्ही जे पाहिलं ते या नदीवर कोणी पाहिलेलं नाही. पाण्यात पडलेला माणूस पोहत काठाला येतो आणि काठावरून पुन्हा चढतो, खोल पाण्यातून वेळूवर कोणी चढत नाही. वेळू गोल असतो, हात लावला की फिरतो. मूचं डोकं वर आलं. त्याने आधी टोप गाठला, उपडा करून पाणी काढलं, टोपलीत ठेवून टोपली पाठीला अडकवली. मग काठी वेळूवर आडवी टाकून तिच्यावर एक हात दाबला, वेळू फिरायचा थांबला. त्याच्यावर छातीने पालथा पडला. एक पाय इकडे, एक तिकडे. उठून बसला. मग तळवे वेळूवर आणले, आणि काठी उचलून सरळ उभा राहिला. खाटेवरून उठावं तसा. घाई नाही, धडपड नाही. कपड्यांतून पाणी गळत होतं आणि काठी इकडे तिकडे चालत होती.

काठाला लागला तेव्हा चाओपिंगचा चेहरा रडवेला आणि रागावलेला, दोन्ही होता.

"बाबा, तुम्ही पडलात."

"पडलो."

"नदीच्या मध्यात पडलात."

"हो. त्या जाड्याचा आवाज इथून तिथपर्यंत येत होता, तेवढ्यात पायांकडे लक्ष गेलं." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "महिन्यातून दोनदा तरी पडेन आता. पहिल्यासारखं नाही राहिलं ते."

हे तो मुलाला सांगत होता. ज्या मुलाने ऐकायला नको होतं त्यालाच. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, तो बघतच नव्हता.

"आणि हे चढणं?" चाओपिंगने विचारलं.

"चार महिने पडत होतो. पहाटे तिकडच्या डोहात, कोणी बघत नसताना. उभं राहणं जमेना, मग म्हटलं, निदान चढायला तरी शिकू." मग ओल्या बाह्या पिळत म्हणाला, "चाळीस वर्षं मी पडत नव्हतो, चाओपिंग. पण पडलो असतो, तर मला चढता आलं नसतं. काळजी करायची ती तेव्हा करायचीस."

मी त्या चार महिन्यांत त्याला रोज पडताना पाहिलं होतं आणि रोज हळहळलो होतो. तो त्यातून काय उचलत होता ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

चाओपिंग पुलांचे नकाशे काढणारा, त्याचं एकदा बघून समाधान होत नाही. तो पायरीवर बसला, बुटांतलं पाणी ओतलं, मोजे पिळले, आणि म्हणाला, "पुन्हा एकदा पडून दाखवा."

घाटावरचे लोक हसू लागले. मू हसला नाही. टोपली उतरवून माझ्याकडे दिली, मध्यापर्यंत गेला, आणि सरळ पाण्यात गेला. चढला. चाओपिंग हातातल्या फोनवर वेळ मोजत होता. त्याने खूण केली, आणखी एकदा. मू आणखी एकदा गेला, या वेळी उलट्या बाजूला. तिसऱ्यांदा चढताना तर वेळू हललाही नाही म्हणा ना. चाओपिंगने फोन खिशात टाकला आणि गाडीकडे गेला. एकेक खोकं काढून घडी करून पुन्हा डिकीत ठेवू लागला. मी त्याच्यामागे जाऊन विचारलं, मग?

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, त्या टोपाचं झाकण घट्ट बसत नाही. सगळं दही वाहून गेलं. पुढच्या खेपेला मी रबर बसवलेलं, चारी बाजूंनी आवळायचं झाकण घेऊन येतो."